धुतलेला पंप

प्रणालीचा निकाल लागला त्या दिवशी नत्थुजी स्वतः तेल्हाऱ्याला जाऊन पेढे घेऊन आले. पोरगी अकोल्याला कृषी महाविद्यालयात शिकत होती. दुसरं वर्ष संपलं होतं आणि पहिल्या श्रेणीत पास झाली होती. तेल्हारा तालुक्यातल्या त्या लहानशा गावातून शेतीचं शिक्षण घ्यायला गेलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे नत्थुजींचे पाय काही जमिनीवर ठरत नव्हते. पुडा हातात घेऊन त्यांनी सगळ्या गल्लीत फेरी मारली. "आमची प्रणाली आता पिकाची डाक्टर होऊन राहिली," असं ते ज्याला त्याला सांगत होते.

प्रणाली ओट्यावर बसून पेढा खात होती आणि तो तिला गोड लागत नव्हता. हे गुण कसे पडले ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तसं ते तुम्हालाआम्हालाही ठाऊक आहे. कारण थोड्याफार फरकाने घरोघरी हेच चाललेलं असतं. सत्राचे सुरुवातीचे महिने वर्गात मागच्या बाकावर बसायचं, मांडीवर फोन ठेवायचा आणि हजेरीला मान वर करायची. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मग धावपळ. वरच्या वर्गातल्या मुलांकडून 'आयएमपी' येतात, म्हणजे दरवर्षी हमखास विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. मग सुरू होतो तो अभ्यास, ज्याचं घरी फार कौतुक असतं. पहाटे उठून अंघोळ करून बसायचं, पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या पेनने ओळी रंगवायच्या. प्रणालीच्या कागदांवर शेवटी न रंगवलेली ओळच उरली नव्हती! तेच उत्तर ती पुन्हा पुन्हा वाचायची. नजर कागदावर असेपर्यंत सगळं ओळखीचं वाटायचं, म्हणून तिला वाटायचं की आलं आपल्याला. पेपर लिहून बाहेर पडली की मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या फाटकासमोर पाणीपुरी खायची, आणि पाणीपुरी संपेपर्यंत पेपरातलं अर्धं डोक्यातून गेलेलं असायचं.

'सगळेच असं करतात,' असं ती स्वतःला समजावायची. त्यात खोटं काही नव्हतं. सगळेच तसं करत होते, आणि म्हणूनच कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी अंगणात फवारणीचा पंप घेऊन बसले. आदल्या आठवड्यात त्यांनी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गाजरगवत मारायला तणनाशक फवारलं होतं. टू-फोर-डी म्हणतात ते. आता पऱ्हाटीवर तुडतुडे दिसायला लागले होते आणि त्यांच्यावर कीटकनाशक मारायचं होतं. (पऱ्हाटी म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांनी कपाशी समजावं.) घरात पंप एकच होता.

"प्रणाली, इकडं ये बरं," नत्थुजींनी हाक मारली. "या पंपानं तणनाशक मारलं होतं धुऱ्यावर. आता याच्यानंच पऱ्हाटीवर औषध माराचं हाये. नुसता पाण्यानं धुतला त जमते, का दुसरं काही लागते?"

प्रणालीने फोनमधून मान वर केली. पंप, तणनाशक, कपाशी. हे तीन शब्द तिने एकत्र कुठेतरी वाचले होते. एकदा नाही, कितीतरी वेळा. पिवळ्या रंगात होतं की गुलाबी, तेही आठवेना. 'घ्यावयाची काळजी' असं काहीतरी शीर्षक होतं. काळजी कोणती, ते मात्र काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

'माहीत नाही बाबा, बघून सांगते,' एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पुस्तकं खोलीतच होती, फोन हातात होता. पण कालच पेढे वाटून झालेले, आणि शेजारचे देवमनकाका ओट्यावर चहा पीत बसलेले. पिकाची डॉक्टर त्यांच्यासमोर 'माहीत नाही' कसं म्हणणार?

"दोन-तीन खेपा पाण्यानं विसळून घ्या, जमते," असं म्हणून ती पुन्हा फोन बघायला लागली.

"पाह्यलं नत्थुभाऊ?" देवमनकाका म्हणाले. "शिकलेली पोरगी घरात असली त कोणाच्या दारात जाऊन इचाराचं कामच नाई."

नत्थुजींनी पंप धुतला. दोन-तीन वेळा सांगितलं होतं, त्यांनी चार वेळा धुतला. जुन्या टूथब्रशने नोझल घासलं, नळीतून पाणी काढलं, उन्हात पालथा घालून वाळवला. लेकीचा शब्द म्हणून त्यांनी कुठे कसर ठेवली नाही. प्रणालीने ते सगळं खिडकीतून पाहिलं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला तेच आठवत राहिलं.

अकोल्याला परत आल्यावर नवं सत्र सुरू झालं. वसतिगृहात तिच्या खोलीत दीपमाला नावाची पातूरकडची मुलगी राहायची. तिची आई मनकर्णाबाई तिकडे अंगणवाडीत मदतनीस होती. दीपमाला मुकाट्याने आपलं काम करणारी पोर. रोज संध्याकाळी ती व्हरांड्यात उभी राहून आईशी बराच वेळ फोनवर बोलायची आणि हातवारे करून काहीबाही समजावत असायची. प्रणालीला वाटायचं, ही घरच्या आठवणीने रोज फोन करते.

एका दुपारी प्रणालीची आई वच्छलाबाई हिचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"प्रणू, पऱ्हाटीले काय झालं गं? नवी पानं भेंडीच्या पानावानी निघून राहिली. लांबुळकी, बोटा बोटाची. शेंडे वाकडे झाले. तुले फोटो पाठवला, पाह्य बरं. बाबा म्हणते का दुकानवाल्या ओमप्रकाशनं डुप्लिकेट औषध देलं. तू सांग ना, तू त शिकून राहिली त्याचंच."

"पाहून सांगतो आई," प्रणाली म्हणाली आणि फोटो उघडला. (वऱ्हाडात मुलीही 'सांगतो', 'करतो' असंच म्हणतात.)

दीपमाला शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सहज डोकावून बघितलं. "टू-फोर-डी," ती म्हणाली, रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव घ्यावं इतक्या सहज. "तणनाशकाचा पंप कीटकनाशकाले वापरला असन. पाण्यानं नाई जात ते, अन् कपाशीले जरासंही चालत नाई. कोणाचं वावर आहे हे?"

"गावातल्या एकाचं," प्रणालीने ठोकून दिलं.

हे बोलताना तिचे कान तापले होते. कारण दीपमालाचं वाक्य कानावर पडताक्षणी तिला सगळं आठवलं होतं. मे महिन्यातल्या पेपरात हाच प्रश्न होता. तिने उत्तरात लिहिलं होतं, 'तणनाशकासाठी वापरलेला पंप इतर फवारणीसाठी वापरू नये.' शब्दांखाली रेघही ओढली होती. तपासणाऱ्याने गुण दिले असणारच. स्वतःच्या हाताने तिने जे कागदावर लिहून दिलं, तेच बापाने विचारल्यावर तिला सांगता आलं नाही. मग तो पेपर तिने लिहिला होता की दुसऱ्या कोणी?

आईला तिने काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'सरांना विचारून सांगते' असा एक निरोप टाकून ती मोकळी झाली. म्हणजे तिला वाटलं की मोकळी झाली. वर्गात सर बोलायला लागले की तिला पालथा घातलेला पंप दिसायचा. आपण काही चोरी केलेली नाही, कोणाला मारलेलं नाही, तरी आपलं तोंड आरशात बघवत नाही, असं तिला पहिल्यांदाच होत होतं.

शुक्रवारी नत्थुजींचा फोन आला. ते चिडलेले होते, पण लेकीशी बोलताना आवाज मऊच होता.

"उद्या आमी सारे मिळून ओमप्रकाशच्या दुकानावर जाऊन राहिलो. तालुक्याच्या ऑफिसात तक्रारही देतो. लायसनच जाऊ दे त्याचं. गावाले डुप्लिकेट माल देते म्हणजे काय?"

"बाबा, नक्की औषधच खराब होतं का?"

"मंग दुसरं काय? आन तू काळजी नको करू. नाल्याकडचं वावर अजून चांगलं हाये. तेल्हाऱ्यावरून दुसऱ्या दुकानाचं औषध आणलं, ते परवा मारतो तिकडं. पंप तू सांगतला तसाच धुतो, चांगला चार खेपा."

प्रणाली ताडकन उठून उभी राहिली. 'बाबा, फवारू नका,' हे शब्द ओठांवर आले होते. पण त्यापुढे 'का?' आलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. "बरं बाबा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ओमप्रकाश म्हणजे गावाच्या फाट्यावर कृषी केंद्र चालवणारा माणूस. प्रणाली शाळेत होती तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येक पोराला खाऊ देणारा, उन्हात आलेल्या म्हाताऱ्याला आधी बाकावर बसवणारा. उद्या सगळं गाव त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणार होतं. आणि परवा उरलेलं वावरही जाणार होतं. हे दोन्ही थांबवू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

दीपमाला वर्गातून आली आणि तिच्याजवळ बसली. "ते वावर तुयाच घरचं हाये ना?" तिने विचारलं.

मग मात्र प्रणालीला रडू आवरलं नाही. तिने सगळं सांगितलं. पेढे, देवमनकाका, टूथब्रशने घासलेलं नोझल, परवाची फवारणी.

दीपमालाने तिला शिव्या दिल्या नाहीत आणि उगाच कुरवाळलंही नाही. "तो धडा तू किती वाचला होता?" तिने विचारलं.

"लई खेपा. तोंडपाठ होता मले."

"आन पुस्तक मिटून कितीदा सांगतला? कोणाले?"

"कोणाले सांगू? कोणी असं करते का?"

"मी करतो. रोज संध्याकाळी आईसंग काय बोलतो असं वाटते तुले? त्या दिवशी जे शिकवलं ते तिले सांगतो. पुस्तक खोलीतच ठेवून जातो. आई काही कृषीची नाई, पण ती एकच गोष्ट इचारते, काहून? पंप काहून वेगळा पाह्यजे? पाण्यानं काहून जात नाई? पहिल्या दिवशी मले सांगताच आलं नाई. वाचताना त सारं समजलं होतं! परत येऊन पुस्तक उघडलं. मंग आठवड्यानं तीच म्हणे, ते पंपाचं काय होतं गं? तोवर मी अर्धं भुलली होती. डोकं खाजवून आठवलं. महिन्यानं परत इचारलं. आता नाई जात ते."

"तू हुशारच हायेस," प्रणाली म्हणाली.

"हुशार कायची? निकालात तुयापेक्षा खालीच हावो मी. रस्त्यानं रोज एक माणूस दिसते, म्हणून त्याचं नाव सांगता येते का आपल्याले? नुसतं तोंड ओळखीचं होते. तू पुस्तकाचं तोंड ओळखीचं करून घेतलं, प्रणाली. आन रंग देऊन देऊन त्याले अजून ओळखीचं केलं. पुस्तक मिटल्यावरच कळते काय आपलं झालं आन काय नाई. ते पाहाचं भेव वाटते आपल्याले, म्हणून आपण मिटतच नाई. परीक्षेच्या आदल्या दिवसांत सारं कोंबतो आन पेपरात सांडून येतो."

प्रणालीला हे शब्द लागले. लागले, कारण ते खरे होते. तिने आजवर अभ्यास केला नव्हता, अभ्यास केल्याचं समाधान तेवढं मिळवलं होतं. वर्गात उठून शंका विचारायची नाही, कारण हसतील. स्वतःला प्रश्न घालायचे नाहीत, कारण येणार नाहीत. आणि येत नाही हे कोणाला कळू द्यायचं नाही. अशी सवय लागली की माणूस एक दिवस स्वतःच्या बापालाही थाप मारतो.

"मी आता काय करू?" तिने विचारलं.

"अभ्यास कसा कराचा ते मंग पाहू. आधी गावाले जाय."

"फोनवर सांगितलं त?"

"आज फोनवर सांगता आलं का तुले? आन उद्या त्या माणसाले लोक वाट्टेल ते बोलतीन, तेव्हा तू इथं असशीन. गावासमोर त्याचं नाव खराब होऊन राहिलं, त गावासमोरच सांगाव लागन."

शनिवारी सकाळच्या एसटीने प्रणाली निघाली. अकोट गेलं, तेल्हारा आलं, पुढची गाडी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवीगार पऱ्हाटी उभी होती, आणि तिला तिच्याकडे बघवत नव्हतं. एखाद्या थांब्यावर उतरून परत फिरावं असं कितीदा तरी मनात आलं. वाक्यं जुळवत होती आणि ती सगळी मोडत होती.

फाट्यावर उतरली तेव्हा ओमप्रकाशच्या दुकानासमोर माणसं जमलीच होती. नत्थुजी पुढे होते. हातात वाकड्या पानांची दोन झाडं उपटून आणलेली.

"इतकी वर्षं तुयाकडूनच माल नेला," ते म्हणत होते. "दुसऱ्याच्या दुकानाची पायरी नाई चढलो. आन तू मले हे देलं?"

ओमप्रकाश काउंटरमागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "नत्थुभाऊ, बाटली सीलबंद होती. मी का घरी बनवतो का औषध? याच खोक्यातली दुसऱ्यानंही नेली. त्याची पऱ्हाटी जाऊन पाहा."

"ते काही नाई," देवमनकाका मागून बोलले. "शटर पाडा याचं. बाकीचं ऑफिसात पाहू."

कोणीतरी खरंच शटरला हात घातला.

"बाबा, औषध चांगलं होतं," प्रणाली म्हणाली.

सगळे वळले. लेक इथे कशी आली हे नत्थुजींना समजेना. "तू कधी आली? काय बोलून राहिली?"

"औषधात काही खोट नाई. पंपात तणनाशक राह्यलं होतं. ते पाण्यानं जात नाई. त्याच्यासाठी पंपच वेगळा ठेवाव लागते." तिचा आवाज फाटत होता, पण ती थांबली नाही. "पाण्यानं विसळा म्हणून मी सांगतलं होतं. चूक माही हाये. ओमप्रकाशकाकाची नाई."

"पण तू त शिकली ना ते?"

"पेपरात लिहिलं होतं बाबा. पण मले माहीत नव्हतं."

केवढं हे वाक्य! बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. शटरवरचा हात खाली आला. देवमनकाका चपलेने माती उकरत राहिले. एकेक करत माणसं पांगली, काही जण जाता जाता मागे वळून प्रणालीकडे बघून गेले. त्या नजरा तिने सोसल्या.

नत्थुजींनी हातातली झाडं खाली ठेवली आणि ओमप्रकाशपुढे हात जोडले. "चुकलो भाऊ."

ओमप्रकाशने त्यांचे हात धरून खाली केले. पण तोही माणूसच होता. "माफी कायले मागता? मागू नका," तो म्हणाला. "पण तुमी मले चोर म्हणाले, आन तुमच्या मनात एकदाही आलं नाई का हा असं करन का म्हणून. हे भुलाले मले वेळ लागन." मग प्रणालीकडे बघून त्याने नुसती मान हलवली. ती मान रागाची होती की शाबासकीची, तिला कळलं नाही.

बापलेक वावराकडे निघाले. नत्थुजी पुढे, प्रणाली मागे. ते बोलले, पण मागे न बघता.

"पऱ्हाटीचं काय, पुढच्या सालीही येईन. पण तुले माहीत नव्हतं त मले तसं सांगाचं होतं. नाई माहीत बाबा, एवढंच. मी दुसऱ्या कोणाले इचारलं असतं. मले काय राग आला असता का तुया?"

प्रणालीला बापाने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माहंही चुकलंच," नत्थुजी पुढे म्हणाले. "पिकाची डाक्टर, पिकाची डाक्टर करत फिरलो. तुयाजवळ बसून एकदाही नाई इचारलं का पोरी, काय शिकून राहिली तू तिकडं."

त्या दिवशी प्रणालीने आठवणीवर भरवसा ठेवला नाही. तिथूनच सरांना फोन केला, फोटो पाठवले, काय करायचं ते नीट विचारून घेतलं आणि समजेना तिथे 'का' म्हणूनही विचारलं. सर हसले नाहीत. शेंडे खुडावे लागले, पाणी द्यावं लागलं, सरांनी सांगितलेली फवारणी करावी लागली, तीही शेजारून मागून आणलेल्या दुसऱ्या पंपाने. वच्छलाबाई आणि प्रणाली ओळीओळीने शेंडे खुडत गेल्या. काही झाडं सावरली, बरीचशी सावरली नाहीत. नाल्याकडचं वावर मात्र वाचलं.

अकोल्याला आल्यावर तिने रंगीत पेनं दीपमालाच्या गावाकडच्या लहान भावासाठी देऊन टाकली. वर्ग सुटला की पुस्तक मिटून, आज काय झालं ते आठवेल तेवढं ती कोऱ्या कागदावर लिहायची. पहिल्या दिवशी कागदावर फार थोडं उतरलं, आणि ते बघून तिला रडावंसं वाटलं. पण मग पुस्तक उघडून राहिलेलं शोधायची. काही दिवसांनी तेच पुन्हा, न बघता. फोन त्या वेळी दीपमालाच्या कपाटात. संध्याकाळी वच्छलाबाईंना फोन लावून एक गोष्ट समजावून सांगायची. वच्छलाबाई स्वयंपाक करता करता ऐकायच्या आणि मध्येच असं काही विचारायच्या की प्रणाली अडकायची. वर्गातही तिचा हात वर जायला लागला. हसणारे हसले, आणि थोड्या दिवसांनी त्यांनाही सवय झाली. काम कष्टाचं होतं. नुसतं वाचत बसण्यात जे सुख होतं ते यात नव्हतं.

एवढं सगळं होऊनही नत्थुजींनी त्या हंगामात लेकीला शेतीतलं काही एक विचारलं नाही. घरी आली की वच्छलाबाईंना जेवायला वाढ म्हणायचे, तब्येत विचारायचे, कॉलेजचं विचारायचे. पण वावरातलं काही अडलं की उठून दुसरीकडे जायचे. रागाने नाही. विचारायची सवयच मोडली होती त्यांची. प्रणालीला ते दिसत होतं, आणि त्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी होती. हरभऱ्याचा पेरा व्हायचा होता. अंगणात ताडपत्रीवर बियाणं ओतलेलं, बाजूला बुरशीनाशकाची पुडी आणि जिवाणू खताचं पाकीट. नत्थुजींनी एका हातात पुडी आणि दुसऱ्या हातात पाकीट धरून उलटसुलट बघितलं. मग त्यांनी मान वर केली.

"प्रणाली, बियाण्याले आधी कोणतं लावाचं? औषध का जिवाणू?"

प्रणालीला आठवत होतं. बहुतेक आधी औषध. पण मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे औषध त्या जिवाणूला चालतं की नाही, याची खात्री नव्हती. उत्तर जिभेवर तयार होतं, आणि बाप तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मले वाटते आधी औषध," ती म्हणाली. "पण पक्कं नाई माहीत बाबा. पाहून सांगतो."

नत्थुजींनी पुडी आणि पाकीट दोन्ही खाली ठेवलं, बियाणं परत पोत्यात भरलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

"पाह्य मंग," ते म्हणाले. "पेरा उद्या करू."

वाचकहो, त्या दिवशी नत्थुजींच्या वावरात पेरणी थांबली, कारण एका बापाने लेकीच्या उत्तराची वाट बघायचं ठरवलं. हा विश्वास गुणपत्रिकेने मिळत नाही. जे पुस्तक मिटल्यावर आपल्याजवळ उरतं तेवढंच आपलं शिक्षण असतं, आणि जे उरलं नाही ते उरलं नाही म्हणून सांगायची हिंमत हाही त्या शिक्षणाचाच भाग असतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, रोज थोडं शिका, मिटून आठवा, कोणाला तरी समजावून सांगा, विसरलात तर पुन्हा आठवा. तुम्ही डॉक्टर व्हाल, शिक्षक व्हाल, इंजिनिअर व्हाल. तुमचा पेपर कोणी तपासला हे तेव्हा कोणी विचारणार नाही. समोर एक माणूस बसलेला असेल, आणि तुम्ही जे सांगाल ते तो जाऊन जसंच्या तसं करेल.